सामाजिक मूल्ये आणि बौद्धिक मूल्ये : संमतिवयाच्या वादाच्या निमित्ताने

'मूल्य' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की सत्यनिष्ठा आणि वडीलधाऱ्यांविषयीचा आदर ही दोन्ही एकाच माळेतील मणी वाटू लागतात. माझ्या मते त्यांची जातच वेगळी आहे. आदर, निष्ठा, प्रतिष्ठा, रूढिपालन ही समाज टिकविणारी, म्हणून सामाजिक मूल्ये. विधान पुराव्याने तपासणे, विसंगती खपवून न घेणे ही बौद्धिक मूल्ये. बोलणारा कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाने १९९१ च्या 'लायला' या ग्रंथात या दोहोंना स्वतंत्र पातळ्या मानून बौद्धिक पातळी वरची ठरविली आहे. भेद सांगणे सोपे. प्रत्यक्ष वादात तो ओळखणे अवघड.

संमतिवयाचाच वाद घेऊ. बंगालमधील फुलमणी दासी ही बालवधू पतीच्या सहवासामुळे मरण पावली, आणि संमतिवय १० वरून १२ करण्याच्या मागणीने जोर धरला. १८९१ मध्ये तसा कायदा झाला. आगरकर त्याच्या बाजूचे, टिळक विरोधी. मग आगरकर बुद्धिवादी आणि टिळक समाजाभिमानी, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. ती मला पटत नाही. १८९३ मध्ये 'ओरायन' प्रसिद्ध करणारे टिळक बुद्धीच्या प्रांतात परके नव्हते. वाटणी माणसांची नव्हे, प्रश्नांची करावी. कोवळ्या वयातील सहवासाने मुलीच्या देहास अपाय होतो काय, हा एक प्रश्न. येथे शरीरशास्त्राचा पुरावा बोलतो. मग राज्य इंग्रजांचे असो वा पेशव्यांचे. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणावा काय, हा दुसरा. येथे स्वत्व आणि एकजूट यांना खरे मोल आहे, आणि टिळकांचा मुख्य आक्षेप येथेच होता. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचे म्हणून पुढे केले की घोटाळा होतो, आणि त्याची किंमत त्या मुली मोजतात.

आगरकरांचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे. जिवंतपणी प्रेतयात्रा निघालेला हा माणूस (आणि हे विद्येच्या पुण्यात!) लिहीत राहिला, त्यामागे 'सुधारक' पत्राचा आणि फर्ग्युसन कॉलेजातील सहकाऱ्यांचा आधार होता. अशा संस्था त्याग आणि परस्परविश्वास यांवरच उभ्या राहतात. वरची पातळी खालचीच्या आधाराने उभी असते, हे पिर्सिगही मान्य करतात.

मी स्वतःपुरती एक कसोटी लावतो : हे मत मी कशाने सोडीन? पुरावा उलटा निघाल्याने, की चार माणसे दुखावतील म्हणून? वर्गात प्राध्यापकांकडे पुरावा मागणाऱ्या विद्यार्थ्याला आपण आधी उद्धट ठरवितो. पुरावा होता की नव्हता, हे पाहायचे राहून जाते.