त्रिकोण : एक आकृती, अनेक अर्थ

वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, चौरस म्हणजे स्थैर्य आणि त्रिकोण म्हणजे गती, असे कोष्टक उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला लवकरच पाठ होते. परंतु आकृतीचा अर्थ खरोखर तिच्या रेषांतच असतो काय? केवळ त्रिकोण घेऊन हा प्रश्न तपासून पाहू.

प्रथम डोळ्याचे कार्य पाहू. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांनी १९५५ साली एक आकृती प्रसिद्ध केली. तिच्या साध्या रूपात तीन काळी वर्तुळे असतात. प्रत्येकाला एक खाच पाडलेली असते आणि तिन्ही खाचा आतल्या बाजूस वळलेल्या असतात. त्रिकोणाच्या बाजू कोणी काढलेल्या नसतात. तरीही मधोमध पांढरा त्रिकोण दिसतो, इतकेच नव्हे तर तो कागदाहूनही उजळ भासतो. म्हणजे डोळा केवळ टिपत नाही, तो जुळवतोही. सुट्या भागांच्या बेरजेहून समग्र आकार निराळा असतो, हे व्यूह मानसशास्त्राचे सूत्र येथे प्रत्ययास येते. बोधचिन्हातील काही रेषा गाळूनही ते पूर्ण वाटते, ते याच कारणाने.

दुसरी बाब ठेवणीची. पायावर बसलेला त्रिकोण डोंगरासारखा निश्चल वाटतो. तोच टोकावर उभा केला की आता कलंडेल असे वाटून नजर तेथे खिळते. आपल्याकडे रस्त्यावरील सावधानतेच्या खुणा सुलट्या त्रिकोणात असतात, तर इतर वाहनांना वाट द्या ही आज्ञा उलट्या त्रिकोणात असते. आतील चित्र दिसण्यापूर्वीच चालकाला बाह्याकारावरून फरक कळतो.

तिसरी बाब अनुभवाची. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण दीप त्यागी यांच्या कल्पनेतून १९६० नंतरच्या दशकात आला. तो निरक्षर माणसालाही ओळखता येई आणि गावच्या रंगाऱ्यालाही भिंतीवर सहज काढता येई. मात्र लहान कुटुंबाचा अर्थ त्या तीन रेषांत नव्हता. तो वारंवार दिसण्याने त्यांना चिकटला. पुढे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत अनेकांवर सक्ती झाली. ज्या घराने ती सक्ती सोसली, त्याला तो त्रिकोण पूर्वीसारखा कसा दिसावा? १९७७ साली सरकारने 'कुटुंबनियोजन' हे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' केले. नाव बदलता आले. पण लोकांची आठवण अशी बदलता येत नाही.

तात्पर्य, डोळा आकार घडवतो, ठेवण त्याला भाव देते आणि अर्थ मात्र लोकांच्या जगण्यातून येतो. पहिल्या दोन गोष्टी आपण वर्गात, कागदावर शिकू शकतो. तिसरीसाठी वर्गाबाहेर जावे लागेल. म्हणून आपले चिन्ह परीक्षकापुढे ठेवण्याआधी ज्यांच्यासाठी ते काढले त्यांना दाखवावे आणि "हे काय आहे?" एवढेच विचारून गप्प बसावे. मिळणारे उत्तर आपल्या कोष्टकात नसेल, तर चूक उत्तर देणाऱ्याची नव्हे.