फटाक्यांना घाबरणारा मोती
प्रश्न : दिवाळीत फटाके सुरू झाले की आमचा कुत्रा मोती पलंगाखाली थरथरत बसतो. त्याला झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच नको. काही गुंगीच्या औषधांनी अंग सुस्त पडतं, भीती मात्र तशीच राहते. मुक्या जिवाला पळताही येत नाही, हे फार क्रूर आहे. भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात. त्यासाठी दिवाळीआधीच पशुवैद्यांना भेटा. पलंगाखालून त्याला ओढून काढू नका, ती जागा त्याने स्वतः निवडली आहे. खिडक्या लावा, पंखा-टीव्ही चालू ठेवा. जवळ आला तर खुशाल कुरवाळा. लाडाने भीती वाढते हा गैरसमज आहे. फिरवायला अंधाराआधीच न्या, तेही साखळी लावून. गळपट्ट्यावर फोन नंबर आजच लिहा, कारण बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून क्षणात निसटतो.