सापसुरळी

अलिबाग-मुरुडकडे नारळीच्या बुंध्याशी पाचोळा सळसळतो, अन् चकचकीत अंगाची सापसुरळी बाहेर येते. "इखारी हाय, मारा!" म्हणत कुणी काठी उचलतो. थांबा! तिला विष मुळीच नाही. नीट पाहा. तिला चार पाय आहेत, पापण्या मिटतात, कानाला भोक आहे. सापाला यातले काही नसते. म्हणून शास्त्रज्ञ तिला पाल-सरड्यांच्या गटात धरतात. श्नायडर नावाच्या जर्मन पंडिताने १८०१ साली तिला शास्त्रीय नाव दिले. शेपूट धरले तर तुटते, मागून नवे फुटते. खाणे काय? किडे, टोळ, झुरळे. वाडीवाल्याला आणखी काय हवे! तिची लांबची बहीण डासिया दक्षिणेकडच्या सह्याद्रीत झाडांवर राहते. आपली मात्र जमिनीवरची, पाचोळ्यातली. तेव्हा पालापाचोळा पेटवण्याआधी तो काठीने हलवा. ती आपली निघून जाईल.