मंदीच्या काळातील गाणी : जपानी लोकप्रिय संगीत आणि स्मरणरंजन

(द्वितीय वर्ष, कला)

'नॉस्टॅल्जिया' ह्या शब्दाला मराठीत 'स्मरणरंजन' असा नेटका प्रतिशब्द आहे. जपानी भाषेत ह्या भावनेसाठी 'नात्सुकाशी' हे विशेषण आहे. ते 'लळा लागणे' अशा अर्थाच्या क्रियापदापासून आले. ह्या विशेषणाला 'मेलडी' हा इंग्रजी शब्द जोडून, व दोन्हींना कात्री लावून, जपानी लोकांनी 'नात्सुमेरो' असा शब्दही तयार केला. ज्या चालींचा एकेकाळी लळा लागला होता, त्या चाली म्हणजे नात्सुमेरो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या जपानी माणसाच्या लळ्याच्या गाण्यांत १९९६ ते १९९९ ह्या चार वर्षांचा वाटा फार मोठा आहे. ह्या गाण्यांची भरभराट का झाली व ती आज मनाला का लागतात, ह्याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ह्या काळाकडे पाहताना प्रथमच एक विसंगती नजरेत भरते. जपानमध्ये ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पादनाने उच्चांक गाठला तो १९९८ साली. त्या वर्षीचा आकडा ६०,००० कोटी येनच्या पुढे होता. तो पुन्हा कधीच गाठला गेला नाही. परंतु हेच वर्ष जपानच्या अर्थव्यवस्थेला अत्यंत वाईट गेले. जमिनीच्या व शेअरच्या भावांचा फुगा १९९० नंतर फुटला होताच. एप्रिल १९९७ मध्ये उपभोग कर ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शंभर वर्षांची यामाइची ही रोखे पेढी बुडाली आणि होक्काइदो ताकुशोकु बँकही कोसळली. १९९८ मध्ये बेकारी ४ टक्क्यांवर गेली. आपल्याला हा आकडा लहान वाटेल. पण एकदा नोकरीस लागला की निवृत्त होईपर्यंत त्याच कंपनीत, अशी ज्या देशाची घडी होती, त्या देशाला तो मोठाच धक्का होता. अशा दिवसांत लोक गाणी विकत घेत होते!

ह्याची कारणे कोणती? पहिले कारण लोकसंख्येचे. १९७१ ते १९७४ ह्या काळात जपानमध्ये दरवर्षी २० लाखांहून अधिक मुले जन्मली. ही मोठी पिढी १९९८ साली पंचविशीच्या आसपास होती. दुसरे कारण वस्तूचे. १९८८ पासून तेथे एका गाण्यासाठी आठ सेंटिमीटर व्यासाची छोटी तबकडी मिळू लागली. तिचे वेष्टन लांबट व अरुंद असे. कविता लिहिण्याच्या कागदी पट्टीला जपानीत 'तान्झाकु' म्हणतात, तेच नाव ह्या वेष्टनालाही पडले. किंमत सुमारे हजार येन, म्हणजे विद्यार्थ्याच्याही आवाक्यातली. तिसरे कारण दूरचित्रवाणीचे. नवे गाणे बहुधा एखाद्या मालिकेला किंवा जाहिरातीला जोडूनच येई, त्यामुळे आठवड्याभरात ते साऱ्या देशाच्या कानांवर पडे. चौथे कारण काराओकेचे. १९९२ पासून टेलिफोनच्या तारेवरून गाणी पुरवणारी यंत्रे आली व नवे गाणे काराओकेच्या खोलीत लवकर पोचू लागले. गाणे पाठ करायचे आणि मित्रांसमोर म्हणायचे, म्हणून तबकडी घ्यायची, असे हे चक्र होते.

आता काही उदाहरणे पाहू. कोमुरो तेत्सुया हा ह्या काळातील सर्वांत यशस्वी संगीतकार-निर्माता. एप्रिल १९९६ मध्ये एका आठवड्यात विक्रीच्या यादीतील पहिली पाचही गाणी त्याचीच होती. त्याने ओकिनावाच्या आमुरो नामिएसाठी रचलेले 'कॅन यू सेलिब्रेट?' १९९७ साली आले. ते एका मालिकेचे शीर्षकगीत होते. त्याच्या २२ लाखांवर प्रती खपल्या व पुढे ते लग्नसमारंभातील हमखास गाणे झाले. स्वतः आमुरोनेही त्याच वर्षी विवाह केला व १९९८ हे वर्ष विश्रांती घेतली. ३१ डिसेंबर १९९८ रोजी एनएचकेच्या वर्षअखेरच्या 'कोहाकु' कार्यक्रमात ती परतली, तेव्हा हेच गाणे गाताना तिला रडू आवरले नाही.

मार्च १९९९ मध्ये उतादा हिकारूचा 'फर्स्ट लव्ह' हा संग्रह आला. तिचे वय तेव्हा अवघे १६. जन्म न्यूयॉर्कचा, आई फुजी केइको ही 'एन्का' ह्या जुन्या वळणाच्या गीतांची नामवंत गायिका. ह्या संग्रहाच्या ७६ लाखांहून अधिक प्रती जपानमध्ये खपल्या. दर सोळा-सतरा माणसांमागे एक प्रत! तेथील हा विक्रम आजवर मोडलेला नाही. त्याच महिन्यात लहान मुलांचे 'दांगो सान क्योदाइ' हे गीतही आले. एका काडीत ओवलेले तांदळाच्या पिठाचे तीन गोळे हे तीन भाऊ, अशी त्याची गमतीदार कल्पना. त्याचा खप २८ लाखांच्या पुढे गेला. जुलै १९९९ मध्ये ग्ले ह्या वाद्यवृंदाच्या एकाच कार्यक्रमाला माकुहारी येथे दोन लाख श्रोते जमले. आणि सप्टेंबरमध्ये मॉर्निंग मुसुमे ह्या मुलींच्या संचाच्या 'लव्ह मशीन'ने मंदीने खचलेल्या देशाला मिस्किलपणे धीर दिला.

ह्या साऱ्या झगमगाटापेक्षा मला किरोरो ह्या ओकिनावाच्या दोन तरुणींचे 'मिराइ ए' (भविष्याकडे, १९९८) हे साधे गीत अधिक विचारात पाडते. मुलीने आईला आठवून गायिलेले हे गीत शाळांच्या निरोप समारंभांत म्हटले जाऊ लागले. पुढे हीच चाल तैवानच्या गायिका रेने लिउ हिच्या चिनी गाण्यात गेली. तेथे शब्द बदलले, विषय गमावलेल्या प्रेमाचा झाला, तरी गाणे स्मरणाचेच राहिले.

माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी अधिक ठळकपणे राहतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले आहे. तेवढ्यावरून ह्या गाण्यांची ओढ काही अंशी समजते, पण पूर्ण नाही. ज्या मुलांनी ती गाणी म्हटली त्यांच्यापैकी अनेकांना पदवी मिळूनही कायम नोकरी मिळाली नाही. नोकरभरतीच्या ह्या काळाला जपानमध्ये 'हिमयुग' म्हणतात. त्या वर्षी जो मागे राहिला तो बहुधा मागेच राहिला, कारण कंपन्या नव्या पदवीधरांनाच घेत. ह्या पिढीसाठी सरकारने खास योजना आखली ती २०१९ साली, म्हणजे वीस वर्षांनी! तेव्हा 'ते दिवस सुखाचे होते म्हणून ती गाणी आवडतात', हे उत्तर पुरेसे नाही. दिवस कठीणच होते. पण आयुष्याचा निकाल अजून लागलेला नव्हता. गाण्याबरोबर परत येते ती ही न लागलेल्या निकालाची अवस्था, आणि तेच गाणे त्याच आठवड्यात म्हणणाऱ्या लाखो समवयस्कांची सोबत.

ती सोबत पुढे राहिली नाही. तबकड्यांचा खप उतरला, प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे आले. २०२२ साली 'फर्स्ट लव्ह' ह्या गाण्यावरून प्रेरणा घेतलेली मालिका नेटफ्लिक्सवर आली व ते गाणे पुन्हा ऐकले गेले. ऐकणाऱ्यांत १९९९ नंतर जन्मलेले, माझ्यासारखेही होते. जो काळ पाहिलाच नाही त्याची हुरहुर लागणे ही चमत्कारिक गोष्ट खरी. परंतु माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पदवीच्या कागदाकडे आईवडील कोणत्या आशेने पाहतात ते मी रोज पाहते. म्हणून त्या गाण्यांमागची मुले मला परकी वाटत नाहीत.

तात्पर्य, स्मरणरंजनाला केवळ रंजन समजून हसण्यावारी नेऊ नये. एखादी पिढी कोणती गाणी जपते हे पाहिले, तर तिला काय मिळायचे राहिले तेही कळते. इतिहासाच्या पुस्तकात बुडालेल्या बँकांची नावे सापडतील. त्या वर्षी पंचविशीत असणे म्हणजे काय, हे मात्र त्या गाण्यांनाच विचारावे लागेल.