सूचना थोडक्यात, पण पुरती



खताचे पत्रक वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : कधी, किती आणि कसे. ही उत्तरे लांबलचक वाक्यात दडली, तर पत्रक बरोबर असूनही शेतात खत चुकते. नमुन्यादाखल ही सूचना पाहा :

"सुरू हंगामातील उसासाठी शिफारस केलेल्या हेक्टरी २५० किलो नत्राच्या मात्रेपैकी ४० टक्के मात्रा लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांच्या कालावधीत, जमिनीत योग्य वाफसा असल्याची खात्री करून देण्यात यावी."

यात खोटे काही नाही. पण आपला हिशेब एकरात आणि गोणीत. हेक्टर म्हणजे अडीच एकर. हेक्टरचा आकडा एकराला धरला, की खत अडीचपट पडले. शिवाय नत्र म्हणजे युरिया नव्हे. १०० किलो युरियात नत्र ४६ किलोच. नत्राचा आकडा युरियाचा समजला, तर पिकाला निम्म्याहून कमी मिळाले.

म्हणून हिशेब लिहिणाऱ्यानेच करून द्यावा. हेक्टरी २५० म्हणजे एकरी १०० किलो नत्र. त्याचे ४० टक्के ४० किलो. त्याला युरिया लागतो ८७ किलो. आता तीच सूचना अशी लिहू :

"सुरू ऊस. लागणीच्या वेळचा हप्ता दिल्यावर युरियाचा दुसरा हप्ता.
१) लागणीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी.
२) आधी वाफसा पाहा.
३) एकरी ८७ किलो युरिया द्या (४५ किलोच्या २ गोण्यांना ३ किलो कमी).
४) खत मातीआड करा.
माती परीक्षणाचा सल्ला वेगळा असेल तर तो पाळा."

शब्द घटले नाहीत, वाचणाऱ्याची डोकेफोड घटली. 'कालावधीत', 'खात्री करून' हे गेले तरी चालते. 'देण्यात यावी' ऐवजी सरळ 'द्या' म्हणावे. पण एकर, किलो, वाफसा यांतले काहीही गाळू नये. तसेच एकदा 'लागण' लिहिले की पुढे 'लावणी', 'लागवड' असे शब्द बदलू नयेत. वाचणाऱ्याला ते वेगळे काम वाटते.

गट कार्यालयाच्या फळ्यावर सूचना लावण्याआधी ती दोघा-तिघा सभासदांना वाचायला द्यावी. "समजलं का?" असं विचारू नये, सगळेच हो म्हणतात. "मग उद्या रानात काय करणार, सांगा बघू," असं विचारावं. ते जिथे अडतील, तेवढे वाक्य पुन्हा लिहावे.