नळाची धार का मंदावते?

पहाटे पाणी येण्याची वेळ झाली की अनेक घरांत नळाखाली बादल्यांची रांग लागते. शेजारच्या घरी नळ खळाळत असतो. इथे मात्र करंगळीएवढी धार पडते. अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो नळाला मोटार जोडण्याचा. परंतु निदान होण्यापूर्वीच औषध घेणे जसे धोक्याचे, तसाच हा उपायही धोक्याचा आहे.

दाब आणि प्रवाह

नळातील पाणी दाबामुळे वाहते. जलकुंभातील पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितका दाब अधिक. पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार पडतो. म्हणूनच वरच्या मजल्यावर धार बारीक होते. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत केवळ तळमजला असलेल्या घरांसाठी ७ मीटर, त्यावर एक मजला असल्यास १२ मीटर आणि दोन मजले असल्यास १७ मीटर दाब सुचवलेला आहे.

प्रवाह म्हणजे एका मिनिटात मिळणारे पाणी. तो दाबाबरोबरच नळाच्या व्यासावरही अवलंबून असतो. जस्त चढवलेल्या जुन्या लोखंडी नळांत गंजाचे थर साचतात. आतील व्यास निम्मा झाला, तर पाणी जाण्याची जागा एक चतुर्थांशच उरते आणि प्रवाह त्याहूनही अधिक घटतो.

दोषाचा शोध

दोष शोधण्यास एक बादली आणि घड्याळ पुरेसे आहे. १५ लिटरची बादली ३ मिनिटांत भरली, तर प्रवाह मिनिटाला ५ लिटर होय. ही मोजणी प्रथम मीटरजवळच्या नळावर आणि नंतर स्वयंपाकघरातील नळावर करावी. मीटरजवळ पाणी भरपूर आणि आत कमी असेल, तर दोष घरातच आहे. अशा वेळी अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, तोटीच्या जाळीतील कचरा काढावा आणि गंजलेला नळ बदलावा. सर्व तोट्या बंद असतानाही मीटर फिरत असेल, तर कोठेतरी गळती आहे. मीटरजवळच पाणी कमी असेल, तर प्रथम शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. केवळ एकाच घराला त्रास असल्यास त्या घराची जोडणी तुंबलेली असू शकते. साऱ्या गल्लीला असल्यास मुख्य वाहिनीतच दाब कमी असावा. दोन्ही प्रसंगी पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवावे.

मोटारीचा मोह

मुख्य वाहिनीला थेट मोटार लावली की त्या घराची टाकी भरते, पण पुढच्या घरांचे नळ कोरडे पडतात. मग तेही मोटारी लावतात. पाणी तेवढेच राहते. वाढते ते विजेचे बिल आणि भांडण. याहून मोठा धोका अदृश्य असतो. मोटारीच्या ओढीने वाहिनीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी झाला, तर फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. त्यातून कावीळ, कॉलरा, विषमज्वर यांसारखे रोग पसरू शकतात. म्हणूनच अनेक नगरपालिकांनी अशा मोटारींना बंदी घातली आहे.

सुरक्षित मार्ग वेगळा आहे. जमिनीलगत अथवा जमिनीखाली झाकणबंद हौद बांधावा. कमी दाबाचे पाणीही त्यात आपोआप साचते. तेथून मोटारीने ते गच्चीवरील टाकीत चढवावे. येथे मोटार वाहिनीतून नव्हे, तर घराच्या स्वतःच्या साठ्यातून पाणी घेते. मात्र हौद गटारापासून दूर असावा आणि वेळोवेळी धुतला जावा.

तोटी एका घराची असली, तरी वाहिनी साऱ्या वस्तीची असते. आपली धार वाढवताना शेजाऱ्याची धार तुटत नाही ना, हे पाहणे हीच खरी जलनीती होय.

स्वाध्याय
१. दाब आणि प्रवाह यांतील फरक स्पष्ट करा.
२. मुख्य वाहिनीला थेट मोटार लावणे घातक का ठरते?
३. आपल्या घरातील दोन नळांचा प्रवाह मोजा आणि निष्कर्ष लिहा.