दारावरचे दोन शब्द

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंगळूरच्या अनेक वस्त्यांतून हिंडणाऱ्या माणसास घरांच्या दारांवर व भिंतींवर लिहिलेले दोन कानडी शब्द आढळत असत : ‘नाळे बा’. त्यांचा अर्थ ‘उद्या ये’ असा आहे. त्यामागील समजूत अशी की, एक हडळ रात्री घरोघर फिरते, दारावर थाप मारते आणि आईच्या किंवा दुसऱ्या एखाद्या आप्ताच्या आवाजात हाक घालते. जो दार उघडतो तो दगावतो. मात्र दारावर हे शब्द असले म्हणजे ती ते वाचून माघारी फिरते. दुसऱ्या रात्री ती पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते. आणि तिचा हा ‘उद्या’ कधीच उजाडत नाही.

त्या काळी सर्वसामान्य माणसाच्या खिशात मोबाइल फोन नव्हता. या शब्दांचा प्रचार कोणत्याही वर्तमानपत्राने हाती घेतला नव्हता की कोणा संस्थेने त्यांची पत्रके वाटली नव्हती. तरीही ते गल्लोगल्ली पसरले. असे का व्हावे, याचा उलगडा त्या शब्दांच्या रचनेतच शोधावा लागतो. खडूचा एक तुकडा एवढाच त्यास खर्च. लिहिणारा स्वतःचे रक्षण करतो आणि त्याच कृतीने येणाऱ्याजाणाऱ्यास तीच कल्पना देतोही. शेजारच्या चार दारांवर अक्षरे उमटली म्हणजे पाचव्या घरातील माणसास, त्याचा हडळीवर विश्वास असो वा नसो, आपले कोरे दार डोळ्यांत खुपू लागते. शिवाय ही समजूत खोटी पडण्याची सोयच नाही. रात्र सुखरूप गेली की श्रेय त्या दोन शब्दांना मिळते. आणि रात्री तर बहुतेक सुखरूपच जात असतात.

प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात अशा गोष्टींना एक नाव दिले. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘मिमीम’ हा शब्द घेऊन, ‘जीन’शी त्याचे यमक जुळावे म्हणून त्यांनी त्याचे ‘मीम’ असे लघुरूप केले. गाण्याची चाल, वेशभूषेची तऱ्हा, मडकी घडविण्याची रीत, हे सारे एका मनातून दुसऱ्या मनात नकलेच्या मार्गाने जाते. ज्याची नक्कल अचूक होते, जे भराभर वाढते व दीर्घकाळ टिकते, ते उरते, बाकीचे लोपते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. टिकणारी कल्पना खरी असलीच पाहिजे किंवा हितकारक असलीच पाहिजे, असे या नियमात कोठेही सांगितलेले नाही. आज तरुण मंडळी ज्यास मीम म्हणतात ते चित्र व त्याखालील चटकदार ओळ हा या मोठ्या कुळातील एक लहानसा घटक होय. बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकातील वाहनांच्या खोळंब्यावर अशी असंख्य चित्रे निघाली. त्यांनी वाहतूक सुधारली नाही. परंतु त्या चौकात अडकलेल्या अनोळखी माणसांना एका समान थट्टेचे सभासदत्व दिले, आणि परगावाहून आलेल्यांच्या शहरात हेही थोडे नव्हे.

मराठी वाचकास हा प्रकार नवा नाही. देवाच्या नावाने येणारी, इतक्या प्रती लिहून इतरांस धाडा, न धाडल्यास अनिष्ट होईल, असे बजावणारी पोस्टकार्डे अनेक घरांनी पाहिली आहेत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता मुख्यतः दूरध्वनीवरून एका दिवसात देशभर व परदेशांतील हिंदू वस्त्यांपर्यंत पोहोचली. वैज्ञानिकांनी पृष्ठताण व केशाकर्षण यांच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण दिले; परंतु वार्ता पुढे निघून गेली होती आणि स्पष्टीकरण मागून चालत होते.

नाळे बा काय किंवा दूध पिणारा गणपती काय, त्यांत कोणाचा जीव गेला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूरने याच यंत्रणेचे वेगळे रूप पाहिले. त्या वर्षीच्या जुलैत आसामच्या कोक्राझार भागात दंगली झाल्या होत्या. पुढील महिन्यात, रमजाननंतर ईशान्य भारतातील लोकांवर हल्ले होणार, अशा आशयाचे लघुसंदेश व चित्रे मोबाइल फोनवरून फिरू लागली. त्या काळात फिरलेल्या चित्रांपैकी काही मुळी त्या घटनांची नव्हतीच. एप्रिल २०१० मध्ये तिबेटी प्रदेशातील युशू येथे भूकंप झाला, तेथील मृतदेहांजवळ उभ्या असलेल्या भिक्षूंचे छायाचित्र हे म्यानमारमधील हत्याकांडाचे चित्र म्हणून दाखविले जात होते. १५ ऑगस्टच्या सुमारास बंगळूर शहर स्थानकावर ईशान्येकडील विद्यार्थी, पहारेकरी, उपाहारगृहांतील व सौंदर्यगृहांतील कामगार यांची रीघ लागली. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या आणि काही दिवसांत हजारो लोकांनी शहर सोडले. पुण्यातूनही बरेच लोक निघून गेले.

या लोकांना भित्रे किंवा अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. संदेश पुढे धाडणाऱ्याचा हेतू बहुधा आपल्या भावाबहिणीस सावध करण्याचा होता. गावाकडून आईबापांचे फोन येत होते. खोलीतला सोबती बोचके बांधू लागला की उरलेल्यास तोच पुरावा वाटे. आणि स्थानकावरील गर्दीची दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली की त्यांतून नवी गर्दी जन्मास येई. येथे दाराच्या जागी रेल्वेचा फलाट आला होता, एवढाच फरक.

भय आणि अफवा यांच्या या नात्याचा एक आरंभीचा शास्त्रीय अभ्यास आपल्याच देशात झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ऐकिवात नसते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या व १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धक्का बसूनही जेथे प्रत्यक्ष नुकसान झाले नव्हते अशा ठिकाणीदेखील, लवकरच याहून मोठे अरिष्ट कोसळणार, अशा वार्ता जोरात होत्या. दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून खरा संहार झाल्यावर दुर्गानंद सिन्हा यांनी तेथील वार्ता तपासल्या, तेव्हा मात्र त्यांत भविष्यातील अरिष्टांची अशी अतिशयोक्ती आढळली नाही. त्यांचा निबंध १९५२ सालचा. अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली यावरून असे अनुमान काढले की, ज्यास भय वाटते पण भयाचे कारण समोर दिसत नाही, तो मनुष्य त्या भयास शोभेल असे कारण शोधतो. अफवा त्यास ते पुरविते. ज्याचे घर पडले आहे त्यास कारण शोधावे लागत नाही. बंगळूरमधील त्या परक्या कामगाराच्या मनात भय आधीपासून होते. चेहऱ्यावरून हिणविले जाण्याचा अनुभव त्याच्या गाठी होता. संदेशाने त्या भयास केवळ तारीख दिली.

आता मजकुरात होणाऱ्या बदलाकडे वळू. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली दाखवून दिले की, एखाद्या चित्राचे वर्णन तोंडोतोंडी पुढे जाताना पाचसहा टप्प्यांत त्यातील सुमारे ७० टक्के तपशील गळून पडतो. जो उरतो तो अधिक ठसठशीत होतो आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहास जुळेल असा वाकतो. मोबाइलवरून पुढे धाडलेल्या चित्रफितीत ही गळती होत नाही. शंभराव्या माणसासही पहिल्याइतकीच स्वच्छ प्रत मिळते. मग बदल कोठे होतो? तो एकदाच होतो, कात्री चालविणाऱ्याच्या हाती. २०१८ साली भारतभर फिरलेली मुले पळविण्याची फीत मुळात पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेने २०१६ साली पालकांना सावध करण्यासाठी केलेली बोधपर फीत होती. तीत मोटारसायकलवरील माणसे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवितात. शेवटचा भाग कापला गेला. जे काम पूर्वी पाचसहा तोंडांनी मिळून, नकळत होत असे, ते एका माणसाने जाणूनबुजून केले, आणि कापलेली प्रत पुढे अचूकपणे वाढत गेली.

तिचा परिणाम भीषण झाला. २३ मे २०१८ रोजी बंगळूरच्या चामराजपेठेत, राजस्थानातून कामाच्या शोधात आलेल्या एका तरुणास मुले पळविणारा समजून जमावाने ठार केले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा असाच अंत झाला. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे ही त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गावात येणारा अनोळखी भिक्षेकरी ज्या समाजास शतकानुशतके परिचित होता, तेथे अनोळखी असणे हाच अपराध ठरला.

उपाय कोणते झाले? २०१२ साली सरकारने एका फोनवरून दिवसाकाठी पाठवावयाच्या लघुसंदेशांची संख्या पाचावर आणली. काही दिवसांनी ती वीस केली. हा उपाय ओबडधोबड होता, कारण अफवा खोडून काढणाराही त्याच दोरीने बांधला गेला. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. या मर्यादेमागचे गणित साथीच्या रोगाच्या गणितासारखेच आहे. समजा, संदेश मिळालेल्या दर १० जणांपैकी एकच तो पुढे धाडतो, पण धाडणारा प्रत्येक जण २० जणांना धाडतो. म्हणजे एका धाडणाऱ्यामागे २ नवे धाडणारे निर्माण होतात, आणि दहाव्या पिढीत त्यांची संख्या १,०२४ होते. त्याच माणसास केवळ ५ जणांना धाडता आले, तर एकामागे अर्धाच उरतो. म्हणजे १,०२४ धाडणाऱ्यांपासून आरंभ केला तरी दहा पिढ्यांनी त्यांपैकी एक शिल्लक राहील. संदेश कोणी वाचला नाही, कोणाचे तोंड दाबले नाही, तरी साथ ओसरते.

मात्र या हिशेबात एक खोट आहे. पाच ‘ठिकाणे’ म्हणजे पाच माणसे नव्हेत. त्या वेळी एका समूहात २५६ पर्यंत सभासद असू शकत. पाच समूहांना धाडलेला संदेश त्यामुळे १,२७५ इतरांपर्यंत जाऊ शके, आणि त्यांतील दहावा हिस्सा धरला तरी शंभराहून अधिक नवे धाडणारे उभे राहत. एप्रिल २०२० मध्ये, पाच वा अधिक वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असा कडक नियम झाला. असे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने जाहीर केले. पण एका ठिकाणी म्हणजेही एक समूह असू शकतो. वेग मंदावतो, वाट मात्र बंद होत नाही. फार तर खंडन करणाऱ्यास थोडा अवसर मिळतो.

राईनपाड्याची घटना घडली त्याच वर्षी, २०१८ च्या ऑगस्टात, नाळे बाच्या दंतकथेवर आधारलेला ‘स्त्री’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात बंगळूरऐवजी मध्य प्रदेशातील चंदेरी आहे, कानडी शब्दांऐवजी हिंदी शब्द आहेत. भिंतीवरील विनंतीचा अर्थ मात्र तोच, उद्या ये.